सगळे आत आले का?

बाळंतपणाआधी तो शेवटचा आला, तेव्हा मारितने त्याला आत बोलावून पाहिलं. स्वप्नात घराचं दार सताड उघडं होतं. बाहेरचं गवत चौकटीच्या निम्म्यापर्यंत चढलेलं, वारा नसताना हलणारं, आणि तो त्या गवतातून चालत आला तरी त्याच्या मागे एक काडीही वाकलेली नव्हती. डावा हात चौकटीच्या वरच्या लाकडावर ठेवून, उंच माणसं वाकतात तसा वाकून तो आत बघत होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्याच्या टोपीवर बर्फ होतं. "आत या ना," मारित म्हणाली. त्याने खाली उंबऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली. त्यात राग नव्हता. जाग आल्यावर तिला जास्त रडू आलं ते त्याचंच.

एंद्रेला तिने हलवून उठवलं आणि सगळं सांगितलं. एरवी बायकोच्या स्वप्नांवर कूस बदलणारा माणूस, पण या वेळी तो ताडकन उठून बसला.

"डाव्या हाताने धरलं होतं? नक्की?"

"डाव्याच. आणि तोंड मिटून काहीतरी गुणगुणत होता."

 मातीच्या भिंतीतून कुठेतरी भुगा सांडावा तशी बारीक माती खाली ओघळत होती, तेवढाच आवाज.

"आमचा आस्लाक तो," एंद्रे शेवटी म्हणाला. "आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस. तुला शपथ आहे माझी."

मारितने आपल्या या थोरल्या दिराला कधी पाहिलं नव्हतं. ती नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. तो तिला ठाऊक होता तो एका चमच्यामुळे आणि एका प्रश्नामुळे. चुलीशेजारच्या भिंतीवर कातड्याची एक पट्टी ठोकलेली होती आणि तीत घरातल्या प्रत्येकाचा लाकडी चमचा खोचलेला असे. ज्याचा त्याने काढायचा, जेवायचं, चाटूनपुसून परत खोचायचा. शेवटचा चमचा मात्र कुणी काढत नसे. शनिवारी भांडी घासताना सासू ब्रीता तो उतरवायची, घासायची, कोरडा करून जागच्या जागी खोचायची.

आणि प्रश्न रोज संध्याकाळचा. गाई बांधून झाल्या, दूध गाळून झालं की ब्रीता दाराशी जाऊन उभी राहायची. हातात दाराचा लाकडी अडसर. वळून घरात बघायची आणि विचारायची, "सगळे आत आले का?" समुद्रापलीकडे डोंगरातल्या जुन्या गावीही ती हेच विचारत असे, आणि तिच्या आधी तिची सासूही. तिकडे कुणी ना कुणी "आले" म्हणायचं आणि अडसर पडायचा. इथे आस्लाक गेल्यापासून कुणी उत्तर देत नव्हतं. मग ती अडसर परत खिळ्याला टांगायची आणि दार नुसतं लोटून निजायची. हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने दार धडाधड आपटायचं, तेव्हा सासरा, म्हातारा टोर्गेर, उठून गव्हाचं पोतं दाराला लावून यायचा. पण अडसर घाल, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. बाकी सगळ्या गोष्टींवर त्याला मत होतं.

म्हणणार तरी कोणत्या तोंडाने? ऐन कापणीच्या दिवसांत आस्लाक रेल्वेच्या कामावर पश्चिमेला जायला निघाला, तेव्हा याच टोर्गेरने त्याला सुनावलं होतं, "आत्ता गेलास तर पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही." असं काय, बापलेकांत होतंच. दुसरा एखादा पोरगा महिन्याभराने तोंड पाडून परत आला असता आणि म्हाताऱ्याने त्याच्यापुढे ताट सरकवलं असतं. पण आस्लाक शब्द पाळणारा निघाला. चार वर्षं झाली, त्याचा निरोप नाही की बातमी नाही.

आता आमच्या तिकडच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की गेलेला माणूस गरोदर बाईच्या स्वप्नात येतो तो नाव मागायला. त्याला नाव द्यावं लागतं. नाही दिलं तर तो दाराबाहेर भटकत राहतो, आणि चुकीच्या नावाचं मूल किरकिरं होतं, अंगी लागत नाही. आणि दुसरंही ठाऊक असतं, की जिवंत माणसाचं नाव बाळाला द्यायचं नाही, त्याचं आयुष्य तुटतं. तेव्हा बाळाचं नाव आस्लाक ठेवायचं म्हणजे ब्रीताच्या तोंडावर, पाद्रीच्या साक्षीने सांगायचं, की बाई, तुमचा मुलगा आता येत नाही.

मुलगा झाला. आणि पहिल्या संध्याकाळपासून तो रडायला लागला. दिवसा बरा असायचा. सूर्य गवताच्या कडेला टेकला, ब्रीताचा हात अडसराकडे गेला, की हा सुरू. दूध तोंडात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. त्याच्या बरगड्या मारितला हाताला लागत होत्या. ती त्याला घेऊन दाराशी बसायची, बाहेर रानबदकांच्या रांगा दक्षिणेला जात असायच्या, आणि तिला वाटायचं, आत्ता या गवतातून तो येईल, न वाकणाऱ्या गवतातून, आणि आपण त्याला काय सांगू?

पाद्री वर्षातून दोनदा यायचा. यंदा तो आला तेव्हा गवत तांबूस झालं होतं. आज नाव पडलं नाही तर पुढे वसंतापर्यंत नाही.

त्या दिवशी सकाळपासून घरात कॉफीचा वास होता. म्हणजे निम्मी कॉफी आणि निम्मे भाजलेले जव, पण पाद्रीसमोर कुणी तसं म्हणत नव्हतं. एंद्रेची थोरली बहीण सिग्ने ओढ्यापलीकडून बाळंतिणीसाठी सायीच्या लापशीचं मडकं घेऊन आली. आल्याआल्या तिने पाळण्यात डोकावून पाहिलं. उशाशी ब्रीताने ठेवलेली लोखंडी कातर होती.

"भुईखालच्या लोकांसाठी का?" सिग्ने हसली. "बाप्तिस्मा झाला नाही तोवर पोर पळवतात म्हणे."

"ते तिकडेच राहिले," टोर्गेर आपल्या ओंडक्याच्या खुर्चीवरून म्हणाला. "त्यांचं जहाजाचं भाडं कोण भरणार?"

"आपल्याच पेटाऱ्यात बसून आले असतील," ब्रीता म्हणाली. "तुला कुठे कळतंय काय काय आलं ते."

पाद्री लुंडे हा गोरा, थकलेला, नेहमी सर्दी झालेला माणूस. त्याने तिसरा कप पुढे केला आणि म्हणाला, "या असल्या गोष्टी आपण वाटेत समुद्रात टाकून यायला हव्या होत्या."

"टाकल्या होत्या हो, पाद्रीबुवा," टोर्गेर म्हणाला. "पोहत आल्या."

सगळे हसले. मारितही हसली, आणि हसताहसता तिच्या लक्षात आलं की ब्रीता हसलेली नाही.

"नाव काय लिहायचं?" पाद्रीने विचारलं.

"हेर्ब्रांड," टोर्गेर म्हणाला. तो हे आठ दिवस मनाशी घोळवत असावा. "माझ्या बापाचं. पाद्रीबुवा, आमचं शेत असं उतारावर होतं, की पावसाने माती खाली यायची. वसंतात माझा बाप ती पाठीवर टोपलीत भरून परत वर न्यायचा. जन्मभर तीच माती वर नेली त्याने. आता त्याच्या नावाचा माणूस इथे मैलभर सरळ नांगर चालवेल, एक दगड लागायचा नाही. झालं तर मग. यात दुसरा विषय नाही."

 हेर्ब्रांड हे नाव वाईट नव्हतंच. पाठीवर माती वाहणारा तो म्हाताराही कुठेतरी उभा असेल, पण तो काही मारितच्या दाराशी आला नव्हता.

"पोराला तर विचारा, बाबा," सिग्ने म्हणाली. "किती रोडावलंय. रडतं म्हणे रोज. नाव चुकतंय त्याचं."

"दात येत असतील."

"तीन आठवड्यांच्या पोराला? तुम्ही गाईंचंच बघा." ती मारितकडे वळली. "तुझ्याकडे कोण आलं होतं गं? पोटात असताना?"

"कुणी नाही," एंद्रे म्हणाला.

"तुला विचारलं का मी? तू कुठे पोटुशी होतास?"

एंद्रे लाल झाला. मारितने हातातली लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, घडी करून परत उलगडली, पुन्हा घडी केली. पाद्री खोकला आणि हात धुवायला बाहेर पिंपाकडे गेला. तेव्हा ब्रीता उठली.

"बाळाला झबलं घालायचंय," ती म्हणाली. "मारित, चल."

खोलीच्या टोकाला दोरीवर रजई टाकून बाळंतिणीसाठी आडोसा केलेला होता. आत जेमतेम पलंग आणि पाळणा. ब्रीताने बाळाला पलंगावर ठेवलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि झबल्याच्या बाह्या उलट्या केल्या. सिग्ने आणि एंद्रेचा बाप्तिस्मा याच झबल्यात झाला होता, आणि आस्लाकचाही.

"कोण आलं होतं?" टाचण्यांमधून तिने विचारलं.

"ओळखीचं नव्हतं, आई."

"कसा उभा होता?"

इथे मारितने खोटं बोलायला हवं होतं. पांढरी दाढी होती, पाठीवर टोपली होती, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण शब्द जुळवता जुळवता तिचा डावा हात आपोआप वर गेला, रजईच्या दोरीला लागला, आणि मान खाली वाकली. तिच्या अंगानेच उत्तर देऊन टाकलं. तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ब्रीताने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि आपल्या एप्रनला टोचून ठेवल्या.

"आत आला?"

"नाही. मी म्हटलं, या. उंबऱ्याकडे बघून नाही म्हणाला."

"नाहीच येणार," ब्रीता म्हणाली. "लहानपणीही तसाच होता. अंगणात थांब म्हटलं की थांबायचा. एकदा आम्ही विसरलोच. पाऊस आला तरी तिथेच उभा." ती पलंगाच्या कडेवर बसली. "टोपीवर बर्फ होतं?"

मारितने होय म्हणून मान हलवली.

"मग येत होता तो," ब्रीता म्हणाली. "बर्फात कुणी कामावर नसतं. घराकडे येत होता."

पलीकडे कुणीतरी बाक सरकवला. बाळ कुरकुरायला लागलं होतं.

"माझ्याकडे एकदाही आला नाही," ब्रीता म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम परका झाला. "चार वर्षं दार उघडं ठेवून झोपते मी. आणि आला तो तुझ्याकडे. तू तर त्याला एक घास वाढलेला नाहीस."

 त्यात मारितचा काही दोष नव्हता, तरी तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

"पोटात जीव असलेली बाई लागते त्याला," ब्रीताच पुढे म्हणाली. "मी म्हातारी झाले. ऐक. तू काही बघितलं नाहीस. या दिवसांत काय वाट्टेल ते दिसतं. सिग्नेच्या वेळी मला मधमाश्या दिसायच्या, म्हणून काय पोरीचं नाव मधमाशी ठेवलं? हेर्ब्रांड ठेवायचं. विषय संपला."

"आणि हा असाच रडत राहिला तर?"

"रडू दे. रडून कुणी मरत नाही."

या घरात आल्यापासून मारित सासूला उलटून बोलली नव्हती. आज तिचे कान तापले. "माझं मूल आहे हे, आई. हाताला हाडं लागतात त्याची."

"आणि तो माझं मूल आहे." ब्रीताने तिचं मनगट धरलं. "तुझं मूल तुझ्या हातात आहे गं. माझ्या हातात काय आहे? त्याचं नाव अजून मोकळं आहे, एवढंच. ते मोकळं आहे तोवर मी म्हणू शकते, येईल म्हणून. तेवढं नको घेऊस माझ्याकडून."

दोघीही रडत होत्या, आणि दोघींच्या मध्ये ते पोर. मारितने त्याला उचललं, झबल्याची नाडी बांधली, आणि सासूच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "धर्ममाता तुम्ही आहात. नाव तुम्हीच सांगणार. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

हे आपण मायेने बोललो की सूड म्हणून, तिचं तिला कळलं नाही. बहुधा दोन्ही असेल.

रजई म्हणजे काही भिंत नव्हे. त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा कुणाचाच चमचा हलत नव्हता. सिग्नेने तोंडावर हात धरला होता. एंद्रे चुलीत नको असलेली काटकी घालत होता. टोर्गेरच्या हातात पाइप होता, विझलेला, आणि तो आपल्या बुटांकडे बघत बसला होता. त्या खुर्चीत तो एवढा लहान दिसू शकतो, हे मारितने पहिल्यांदाच पाहिलं. बाहेरून आलेल्या पाद्रीला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने गळ्याभोवती पांढरी चुण्यांची कॉलर बांधली आणि सर्दीच्या आवाजात प्रार्थना सुरू केली.

पाणी जुन्या गावाहून आणलेल्या रंगीत लाकडी कटोऱ्यात होतं. छोट्या खिडकीतून आलेला उजेड पाण्यावरून छताला लागून थरथरत होता, आणि छताच्या मातीच्या ढेपांमधून लोंबणारी गवताची मुळं त्या उजेडात ओढ्याच्या तळच्या शेवाळासारखी हलत होती. मारितला पाद्रीचे शब्द कधी जवळून, कधी दुरून ऐकू येत होते. सगळं घरच पाण्याखाली आहे आणि आपण सगळे श्वास धरून आहोत, असं तिला वाटत होतं. बाळ आता मोकळेपणी रडायला लागलं होतं. बाहेर ऊन कलतं झालं होतं. त्याची वेळ झाली होती.

"या बाळाचं नाव काय?" पाद्रीने विचारलं.

ब्रीताने तोंड उघडलं आणि मिटलं.

पाद्रीने जरा थांबून, ती बहिरी असेल अशा समजुतीने, मोठ्याने विचारलं, "नाव?"

"हे..." ब्रीता म्हणाली, आणि तिथेच थांबली.

तेव्हा टोर्गेर उठला. त्याचे गुडघे वाजले. तो सगळ्यांच्या मधून, पाद्रीला जवळजवळ धक्का देत दाराकडे गेला आणि त्याने दार उघडलं, पार भिंतीला लागेपर्यंत. गवताचा वास आत आला. बाहेर सगळीकडे तांबूस, हलणारं, पार आभाळापर्यंत गेलेलं माळरान, आणि त्यात कुणीही नव्हतं. टोर्गेर एका बाजूला झाला, पाहुण्याला वाट द्यायला व्हावं तसा.

"ये रे," तो म्हणाला. "आत ये. मी म्हटलं होतं ते म्हटलं होतं. ये आता."

पाद्री वळून बघायला लागला. "कोण आलंय?"

"थोरला आहे आमचा," टोर्गेर म्हणाला. "मी दार धरलंय. तुमचं चालू द्या."

ब्रीता उंबऱ्याकडे बघत राहिली. तिला तिथे काय दिसलं, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. मारितला काही दिसलं नाही. वारा आत आला, रजईची कड हलली आणि पुन्हा स्थिर झाली, एवढंच.

"आस्लाक," ब्रीता म्हणाली. मोठ्याने नाही. अंगणातून कुणाला जेवायला बोलवावं, तशी.

पाद्रीने तीनदा पाणी घातलं. थंड पाणी डोक्यावर पडल्यावर कुठलंही पोर करील तेच या पोराने केलं, घर डोक्यावर घेतलं. सिग्ने हुंदके देत त्याचं डोकं पुसत होती. एंद्रेने बाहीत तोंड खुपसलं होतं. टोर्गेर दार धरून उभा होता तो पाद्रीने शेवटचं आमेन म्हणेपर्यंत. मगच त्याने दार ओढून घेतलं, सावकाश, कुणाच्या टाचेला लागू नये अशा बेताने.

पाद्री पुढच्या वस्तीला गेला. सिग्ने मडकं घेऊन निघाली. ब्रीता आज कुणाला हात लावू न देता एकटीच दूध काढायला गेली, आणि फार वेळ आली नाही. गोठ्यातून आवाज येत होता, तो गाईचा नव्हता. मारित उठायला लागली, तर टोर्गेर म्हणाला, "राहू दे. रडू दे तिला. तिने रडणं राखून ठेवलं होतं."

बाळ त्या संध्याकाळी पोटभर प्यालं आणि झोपलं. नावाने म्हणा, की सायीच्या लापशीने आईला दूध उतरलं म्हणून म्हणा. घरात याबाबत अजून दोन मतं आहेत.

दूध गाळून झाल्यावर ब्रीताने पाळण्यातली कातर काढून शिवणाच्या टोपलीत टाकली. भिंतीवरचा शेवटचा चमचा उतरवला, एप्रनने पुसला, थोडा वेळ हातात धरला. मग तो एंद्रेच्या आणि मारितच्या चमच्यांच्या मध्ये जागा करून तिथे खोचला.

"दात आले की लागेल त्याला," ती म्हणाली.

मग ती दाराशी गेली. खिळ्यावरून अडसर उतरवला आणि वळून घराकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज रोजचाच होता.

"सगळे आत आले का?"

सवयीने कुणीच काही बोललं नाही. एंद्रे मान खाली घालून बुटाचा बंद सोडत होता. मारितने पाळण्यावर हात ठेवला. चुलीत एक लाकूड सरकलं.

टोर्गेरने तोंडातून पाइप काढला.

"आले," तो म्हणाला.

ब्रीता क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने अडसर लावला. चार वर्षं नुसता टांगून लाकूड वाकलं होतं, ते खोबणीत जाईना. तिने तळहाताने ठोकलं, पुन्हा एकदा ठोकलं, तेव्हा बसलं.